गुहागर, 5 रात्री: तिथी बघून केलेला मुक्काम

गाडीच्या वहीतली किनाऱ्याची ही चौथी नोंद. मंडळी तीच: मी, बाबा आणि भुरी (गावठी कुत्री, 5 वर्षांची, 17 किलो). गाडीही तीच, आतून राहण्यासाठी घरीच लावून घेतलेली जुनी ट्रॅव्हलर. या वेळी रजा मात्र तिथी बघून टाकली. पौष शुद्ध त्रयोदशी ते वद्य द्वितीया.

मागच्या खेपेला अष्टमीच्या आसपास गेलो होतो. अष्टमीला भरती सकाळी सहाच्या सुमाराला आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या. म्हणजे भुरीला फिरवायच्या दोन्ही वेळांना पाणी पार वरपर्यंत आलेलं, आणि चालायला उरायची ती कोरडी, पाय रुतणारी वाळू. ओहोटी भर दुपारी, तेव्हा वाळूवर पाय ठेववत नाही. दुसऱ्याच दिवशी तिच्या पंजांच्या गाद्या सोलवटल्या आणि उरलेला मुक्काम ती गाडीत पाय चाटत पडून राहिली. मला फार वाईट वाटलं होतं. सगळा खटाटोप जिच्यासाठी, तिलाच समुद्र मिळाला नाही.

बाबांना पाउणकी अजून तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पंधरा पाउणे सव्वाअकरा. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी साधारण सव्वापाचला, पहाटे आणि संध्याकाळी. अमावास्येलाही तेच. शिवाय उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येच्या मागचे-पुढचे दोन दिवस धरले की झालं. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाली, त्याने काही अडलं नाही.

आणि काय सांगू, किनारा तोच असून वेगळाच वाटला! उजाडताना समोर ओली, घट्ट, गार वाळू. भुरी लांब दोरावर धावतेय, लाटेला भुंकतेय, परत येऊन बाबांच्या धोतराला नाक पुसतेय. पाच दिवसांत पंजांना ओरखडासुद्धा नाही.

दोर मात्र सोडला नाही. एक तर हा कासवांचा हंगाम. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत अंडी घालून जाते आणि ती उकरण्यात कुत्री पुढे असतात. 2023 च्या फेब्रुवारीत याच किनाऱ्यावरून उपग्रह-टॅग लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली होती. तिच्यासारखीचं घरटं आपल्या कुत्र्याने उकरावं, हे मनाला पटत नाही. अंधार पडल्यावर आम्ही वाळूवर गेलोच नाही. दुसरं कारण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ओढून झाली की नको असलेली मासळी तिथेच टाकलेली असते, त्यात केंड मासा असतो. फुगलेला, काटेरी, मेलेला असला तरी विषारी. कुत्र्याच्या तोंडात जाता कामा नये. तिसऱ्या दिवशी भुरीने एकावर झडप घातलीच होती, दोर हातात होता म्हणून वेळेवर ओढता आलं.

समुद्राचं पाणी प्यायल्याने पहिल्या दिवशी तिला एकदा उलटी झाली. मग दर वीस मिनिटांनी वाटीत गोडं पाणी पुढे करत गेलो, पुन्हा त्रास नाही. परतल्यावर विहिरीच्या एका बादलीत आंघोळ, आणि बोटांच्या बेचक्यांतली वाळू हाताने काढायची. कानांत गोचीड बघायची. बाकी काही लागत नाही.

मुक्काम किनाऱ्याला लागून असलेल्या एका पोफळीच्या वाडीत, मालकांना विचारून. गाडी वाळूत घातली नाही, घालूही नये. पहिल्याच संध्याकाळी घरातल्या आजी म्हणाल्या, ‘‘कुत्री रात्रीची गाडीतच घ्या हो. बिबट्या कुत्र्यावरच टपलेला असतो.’’ त्यामुळे दार बंद, छतावरचा पंखा रात्रभर चालू.

इथेच विजेचा प्रश्न येतो. वाडीत सावली छान, पण पोफळीची एक झावळी सोलर पॅनेलवर आली तरी चार्जिंग कोसळतं. पहिल्या दिवशी छतावरच्या 200 वॅटच्या पॅनेलने जेमतेम 19 अँपिअर-अवर (बॅटरीतल्या विजेचं माप) दिले. खर्च रोजचा 50 च्या आसपास: फ्रीज 30, पंखा 16, दिवे आणि फोन 4. बॅटरी 100 ची, म्हणजे तिसऱ्या रात्री पंखा बंद पडला असता. दुसऱ्या दिवशी घडीचं पॅनेल 10 मीटर वायर लावून अंगणातल्या खळ्यावर उन्हात मांडलं, दुपारी दोनदा फिरवलं. दोन्ही मिळून 54. गाडी सावलीत, पॅनेल उन्हात, हीच मांडणी आता कायम.

कुंभार्ली घाट उतरताना भुरीला मळमळ होते, ते अजून सुटलेलं नाही. या वेळी निघण्याआधी चार तास खायला दिलं नाही आणि कोयनानगरला अर्धा तास थांबलो, तरी पोफळी गावाजवळच्या वळणांवर लाळ गळायला लागलीच. माघ अमावास्येला वेळणेश्वरला जायचं ठरतंय. तेव्हा ताम्हिणीने उतरून बघू.