अणूला आठ इलेक्ट्रॉन ‘हवे’ असतात?

रसायनशास्त्र शिकवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. मुलं विचारतात, त्यांचे पालकही विचारतात: अणूला बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन हवे असतात हे ठीक, पण आठ झाले हे त्याला कळतं कसं?

त्याला काहीच कळत नाही. ‘हवे’ हा शब्द आम्हा शिक्षकांचा. मीही कितीतरी वर्षं फळ्यावर इलेक्ट्रॉनचे ठिपके काढत म्हणायचो, “क्लोरीनकडे सात आहेत, त्याला एक हवाय.” मुलं माना डोलवायची. मग एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, मग सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती बारा कसे?” मी “तो अपवाद” असं पुटपुटून डस्टर उचललं. ते अजून टोचतं.

खरा हिशेब ऊर्जेचा आहे. दोन हायड्रोजन अणू जवळ आले की प्रत्येकाच्या इलेक्ट्रॉनवर दोन्ही केंद्रकांची ओढ पडते. केंद्रकं मात्र एकमेकांना ढकलतात, इलेक्ट्रॉनही ढकलतात. या ओढाताणीत केंद्रकांमधलं अंतर 74 पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे मिलिमीटरचा अब्जावा भाग) असताना एकूण ऊर्जा सर्वांत कमी होते. त्याहून जवळ दाबायला ऊर्जा लागते आणि दूर खेचायलाही. सहसंयुज बंध म्हणजे हा खळगा. अणूंना त्यातून बाहेर काढायचं तर मोलमागे, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम हायड्रोजनमागे, 436 किलोज्यूल खर्च करावे लागतात. ‘भागीदारी’ वगैरे आपण म्हणायचं.

मग आठच का? आवर्तसारणीच्या दुसऱ्या ओळीत बाहेरच्या कवचात एक एस आणि तीन पी अशा चार कक्षा (इलेक्ट्रॉनच्या जागा) आहेत, प्रत्येकीत जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन. चार दुणे आठ. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन यांना हा नियम चपखल बसतो. हायड्रोजनला एकच कक्षा, म्हणून दोन. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉन सहावरच थांबतो. नायट्रिक ऑक्साइडमध्ये तर नायट्रोजनचे पाच आणि ऑक्सिजनचे सहा मिळून अकरा संयुजा (बाहेरच्या कवचातले) इलेक्ट्रॉन. जोड्या लावत बसलात तरी एक उरणारच. आणि सल्फर? तो तिसऱ्या ओळीतला, अंगाने मोठा, त्याच्याभोवती सहा फ्लोरीन मावतात; बंधामागे दोन इलेक्ट्रॉन, म्हणून बारा. बंधांतले इलेक्ट्रॉन बरेचसे फ्लोरीनकडेच ओढलेले असतात. बाराचे बारा सल्फरच्या खात्यात मांडतो ते आपण.

(मेंडेलीव्हने 1869 मध्ये सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता. इलेक्ट्रॉनचे ठिपके आणले रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईसने, 1916 साली.)

‘हवं-नको’ची भाषा किती फसवी, ते झेनॉनने दाखवलं. झेनॉन हा राजवायू; बाहेरचं कवच आधीच भरलेल्या या वायूंना काहीच नको, असं बहुतेक सगळे धरून चालले होते. रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांच्या लक्षात आलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेतं, आणि झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायलाही जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते. मग झेनॉन का नाही? 1962 मध्ये त्यांनी प्रयोग केला. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची लालभडक वाफ आणि रंगहीन झेनॉन एकत्र येताच पिवळसर-नारिंगी घन पदार्थ तयार झाला.