बोट ट्रेलरवर टेकते कुठे?

गेल्या वर्षी गणपतीनंतर बोट पाण्यात घातली आणि ती नेहमीसारखी उचलेचना. माझी आणि धाकट्या भावाची मिळून ही १६ फुटी फायबरची बोट. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन मुंबईतल्या मार्वेच्या खाडीत जायचं, एवढाच तिचा उपयोग, पण जीव फार आहे आमचा तिच्यावर. ४० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण ताकदीने चालत होतं, तरी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यात दाबलेलीच. आधी प्रोपेलर बदलला. मग मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला. यात महिना गेला.

पावसाळ्यात बोट मढला मामांच्या अंगणात ट्रेलरवरच असते. मामांचे शेजारी मुरलेले नाखवा. त्यांनी एकदा खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मशीनला काय झालेलं नाय, बाला. बोटीचं बूड बसलंय." घरातून अॅल्युमिनियमची लांब सरळ पट्टी आणून त्यांनी ती तळाला मागून पुढे धरली. मागच्या दोनेक फुटांत पट्टी आणि तळ यांच्यामधून उजेड दिसत होता. सगळ्यात खोल जागी मी मोजले, ४ मिलिमीटर.

कारण समोरच होतं, रोज बघूनही आम्हाला दिसलं नव्हतं. ट्रेलर जुन्या बाजारातला, दुसऱ्याच बोटीसाठी केलेला. त्याच्या आधाराच्या फळ्या ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या, दीड फूट अलीकडेच संपत होत्या. इंजिन लटकतं ते ट्रान्समवर, आणि त्याचं जवळपास १०० किलो वजन चार महिने हवेत लोंबत राहिलं. तळ फळीच्या टोकावर वाकला. असा बाक आला की पाणी मागची बाजू वर उचलतं आणि नाळ खाली दबते. पाण्यात आमचं नेमकं तेच होत होतं.

मग प्रश्न आला, नवीन आधार कसले बसवायचे? एका ट्रेलर विकणाऱ्याने सगळे रोलरच घ्या म्हणून गळ घातली. त्याचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. मार्वेची वाळू सपाट आहे, ओहोटीला ट्रेलर पुरेसा बुडतच नाही, आणि रोलरवरून बोट सहज घरंगळते. पण रोलरचा स्पर्श चार बोटांएवढ्या जागेत होतो. मालाडहून मढपर्यंतच्या रस्त्यावरचे खड्डे आणि स्पीडब्रेकर आठवले की प्रत्येक धक्का त्या चार बोटांवर बसणार, या विचारानेच पोटात गोळा येत होता. शिवाय वाळू आणि खारं पाणी दांड्यात शिरलं की रोलर जाम होतो, आणि जाम झालेला रोलर तळ घासतच राहतो.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या मी लहानपणापासून बघत आलोय. यंदा मात्र त्या टेकतात कुठे, ते बघायला मुद्दाम फिरलो. जुन्या लाकडी होड्यांचं वजन कण्याखालच्या ओंडक्यांवर, बाजूचे टेकू नुसते तोल धरायला. आमच्या बोटीला तसा बाहेर आलेला कणा नाही. तिचा तळ व्ही आकाराचा, आणि त्याला ताठ ठेवतात ते आतून चिकटवलेले दोन लांब उभे पट्टे, म्हणजे स्ट्रिंगर. नाखवांचं एकच सांगणं, "हाडाखाली टेकव, मांसाखाली नको."

ती हाडं शोधायला एक रविवार गेला. आतली फळी उचलून स्ट्रिंगरची अंतरं मोजली, मग खाली झोपून लाकडी हातोडीने हलके ठोकत गेलो. मधल्या जागेत ढब ढब, स्ट्रिंगरवर आल्यावर कोरडा टक्क. त्या टक्क आवाजावर खडूने रेघ मारत गेलो. दोन रेघांमध्ये ६६ सेंटिमीटर भरले. जुन्या फळ्या दोन्ही बाजूंना बऱ्याच बाहेर, निव्वळ पातळ फायबरवर टेकलेल्या होत्या.

शेवटी ठरलं ते असं: स्ट्रिंगरखाली दोन लांब सागाच्या फळ्या, ट्रान्समच्या मागे दोन इंच बाहेर येतील अशा, आणि मधोमध तीन पॉलियुरेथेनचे रोलर, बोट चढताना वाट दाखवायला. काळ्या रबराचे स्वस्त होते, पण ते पांढऱ्या तळावर डाग पाडतात. नट-बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे आणले. फळ्यांवरचा कार्पेटही स्टेनलेसच्याच पिनांनी आणि खालच्या बाजूने ठोकला. साध्या पिना एका पावसाळ्यात गंजून कार्पेट सोडतात, आणि वरून ठोकलेली पिन तळाला ओरखडते. कार्पेट खारं पाणी धरून ठेवतं, म्हणून दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणं आलंच.

बसवताना वेल्डिंगवाल्याला फळ्या धरणारे ब्रॅकेट आधीच आवळून टाकायचे होते. मी थांबवलं. ब्रॅकेट सैल ठेवून बोट वर घेतली, फळ्या आपोआप तळाच्या उताराला वळल्या, मगच पाने लावले. मधले रोलर कितपत वर असावेत याचाही अंदाज हातानेच घेतला: दोन्ही हातांनी जोर लावला तर कसाबसा फिरावा इतका. सहज फिरला तर तो टेकतच नाही, अजिबात फिरला नाही तर सगळा भार त्याच्यावर.

ट्रान्सम फळीच्या टोकाशी आणायला बोट पुढे सरकवावी लागली, त्यामुळे विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरकाचा, खांबही सरकवला. याने गाडीच्या हुकावरचा भार वाढतो. घरातला वजनकाटा विटांवर ठेवून त्यावर ट्रेलरचं तोंड टेकवलं: ६२ किलो. बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून साधारण ७०० किलो. त्याच्या सात ते दहा टक्के भार तोंडावर असावा, म्हणजे ४९ ते ७०. बसलं गणित.

त्यानंतरचा पावसाळा बोटीने या फळ्यांवर काढला. नारळी पौर्णिमेला नाखवा तीच पट्टी घेऊन आले आणि तळाला धरली. फट अजून आहे, पण मोजली तर अडीच मिलिमीटर. त्यांनी तळावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "यील, हळूहळू सरळ यील. आता तिला नीट बसू दे." त्या दुपारी भरतीला आम्ही बोट मार्वेला उतरवली. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर नाळ आधी उचलली, मग बोट सपाट होऊन धावू लागली. भाऊ मागे वळून माझ्याकडे नुसता बघत राहिला.