म्हाताऱ्या पावसातला ताप

पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे आमच्या बेळगाव-खानापूर भागात शाळेची पायरी न चढलेल्यालाही ठाऊक असतं. तरण्यात माणूस पाऊस बघत बसतो, म्हाताऱ्यात पाऊस माणसाला बघून घेतो. तोवर मिठाला पाणी सुटलेलं असतं, चपलांवर बुरशी आलेली असते आणि भाऊ भावाला काही कारण नसताना ‘तू गप बस की’ म्हणायला लागलेला असतो.

या शेवटच्या लक्षणाला इंग्रजीत ‘केबिन फीवर’ म्हणतात. आमच्या घरात ते आणलं भाच्यानं. कंपनीचं काम घरून करायची मुभा मिळाली म्हणून तो बेंगळुरूहून आजोळी आला होता. आठवडाभर पाऊस हटेना, तेव्हा लॅपटॉप मिटून म्हणाला, “आज्जी, मला केबिन फीवर झालाय.” आज्जीनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. “अंग गार हाय की रे. आणि केबिन कुठली? माळ्यावर तर बसतोस.”

वैद्यकाच्या यादीत हा आजार नाहीच. फार दिवस आत अडकून पडल्यावर जी चिडचिड होते, झोप बिघडते, समोरच्याच्या चहाच्या भुरक्याचासुद्धा राग येतो, त्याला गमतीनं दिलेलं ते नाव. या अर्थानं त्याचा वापर कोशकार १९१८ पासूनचा धरतात. माहेर उत्तर अमेरिका, जिथं हिवाळ्यात बर्फ पडला की ओंडक्यांच्या खोपटातून महिनोन् महिने बाहेर पडायची सोय नसे. १८९६ मध्ये कॅनडाच्या युकॉन भागात क्लोंडाइक नदीच्या परिसरात सोनं सापडलं आणि हजारो माणसं तिकडं धावली. तिथल्या डॉसन गावात डिसेंबरचा दिवस जेमतेम चार तासांचा. एका खोपटात दोन भागीदार, एक शेगडी, तेच तोंड सकाळ-संध्याकाळ. भांडणं इतकी विकोपाला जात की वेगळं होताना काहींनी होडी करवतीनं मधोमध कापून घेतली, पिठाची पोतीही चिरली. अर्ध्या होडीत बसून कुठं जाणार होते कोण जाणे! आमच्याकडं भाऊबंदकी काही कमी नाही, पण विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात. विहीर कुणी चिरत नाही.

एक बारकावा मला आवडतो. हिंडलग्याच्या तुरुंगातल्या कैद्याला केबिन फीवर झाला असं कुणी म्हणणार नाही. शिक्षेसाठी, नजरकैदेसाठी इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. हा ताप दाराला कुलूप नसताना येतो. छत्री घेऊन बाहेर पडायला कुणाची मनाई नसते. फक्त बाहेर जाऊन करायचं काय, हे सुचत नसतं.

म्हणून ज्यांची खरी कोंडी होते, त्यांच्या तोंडी हा शब्द नसतो. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात आमगाव, गवाळी अशी गावं आहेत. नाल्यांना पाणी आलं की वाट तुटते. मिरगाआधीच तांदूळ, मिरची, सुकी मासळी, सरपण यांची बेगमी करून ठेवायची. तिथं चिंता असते ती खऱ्या तापाची. आजारी माणसाला डोलीत घालून चिखलातून रस्त्यापर्यंत न्यायला चार गडी लागतात. बाकी, म्हाताऱ्या पावसात तिथं कंटाळायला फुरसत कुणाला आहे? लावणीचे दिवस. इरलं पाठीवर घेऊन, पोटरीभर चिखलात वाकून भाताचं रोप लावणाऱ्या बाईला तुम्ही ‘मूड कसा आहे’ विचारून बघा. त्या रोपाचीच जुडी हातात देईल आणि म्हणेल, लाव.

बेळगाव शहरात, टिळकवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावर मात्र ताप चांगलाच चढतो. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिल्याचा मेसेज आला की पहिल्या दिवशी पोरं नाचतात. दुसऱ्या दिवशी चिरमुऱ्याचा डबा संपतो. त्यानंतरची सुट्टी आईची परीक्षा बघते. आमची वैनी ओल्या गणवेशावर इस्त्री फिरवत असते, चर्र आवाज होतो, वाफेबरोबर शिळ्या पावसाचा वास घरभर पसरतो, पँटीचा खिसा तरी ओलाच राहतो. तेवढ्यात आतून भाऊ विचारतो, “भजी करणार होतीस न्हवं?” वैनी इस्त्री उभी करून ठेवते. “मी उद्या माहेरला जातो बघ.” (आमच्याकडं बायकाही जातो-येतोच म्हणतात.) माझं निरीक्षण असं की हा ताप पुरुषांना आधी येतो आणि उतरतो तो बायकांच्या जिवावर. घरात राहण्याची सवय कुणाला किती, याचा हा हिशेब असावा.

यावर घराघरात एकच औषध ठरतं : रविवारी आंबोली. आठवडाभर ज्याला शिव्या दिल्या, तोच पाऊस बघायला दोन तास गाडी चालवायची. निम्मं बेळगाव त्याच विचारानं निघालेलं असतं. धबधब्याच्या अलीकडंच गाड्यांची रांग लागते. काचा वर, आतून वाफ धरलेली, मागच्या सीटवर पोरांची खिडकीवरून मारामारी. भाऊ स्टिअरिंगवर बोटं आपटत असतो, वैनी पिशवीतून भडंगाचा पुडा काढते, आणि भाचा मागून म्हणतो, “मामा, ही घरच्यापेक्षा लहान केबिन आहे.”