पाटाच्या वरचे आणि पाटाच्या खालचे

मामांचा फोन आला की काय विचारणार ते मला आधीच माहीत असतं. "आगं, जरा पुलावर जाऊन बघ की, पाणी सुटलंय का." मी पुण्यात हडपसरला राहते, बिल्डिंगपासून कॅनॉलचा पूल चालत सात-आठ मिनिटांवर, मग काय, चप्पल अडकवायची, जायचं, वाकून बघायचं. निर्माल्याच्या पिशव्या तरंगत पुढं चालल्या असतील तर पाणी आलंय, एका जागी पडून असतील तर नाही. चार-पाच वर्षं झाली, हे रिपोर्टिंग मी फुकट करतेय.

आजोळ उरुळी कांचन आणि यवतच्या मधे कुठंतरी, छोटी वाडी. नाव लिहीत नाही कारण भावकीतले सगळे आता फेसबुकवर आहेत. गाव समजून घ्यायला नकाशा लागत नाही, चार रेघा पुरतात. उत्तरेला मुळा-मुठा, मग रेल्वे, मग सोलापूर हायवे, आणि डोंगराच्या अंगानं कॅनॉल, म्हणजेच आमचा पाट. रेल्वे कॅनॉलच्या आधीची बरं का, पुण्याहून दिक्सळपर्यंत गाडी १८५८ सालीच सुरू झाली होती. कॅनॉल आला तो नंतर, फाइफ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं खडकवासल्याचं धरण आखलं, १८७० च्या दशकात काम चाललं, आणि तलावाला कित्येक वर्षं लेक फाइफच म्हणायचे. (विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा बसले ते १९०३ साली, ते याच धरणावर.) तेव्हा पाट पाटसपर्यंतच होता, आता नवा उजवा कालवा पार इंदापूरपर्यंत जातो, २०२ किलोमीटर.

पण आमच्या गावात इतिहास वगैरे कुणी विचारत नाही, विचारतात ते एवढंच, रान पाटाच्या वरचं का खालचं? कारण कॅनॉल म्हणजे काय तर डोंगराच्या कडेकडेनं, अगदी किंचित उतार देत नेलेली एक रेघ. पाणी आपल्या वजनानं खालीच जाणार, नदीच्या बाजूला, त्यामुळं रेघेच्या खाली ऊस आणि वर बाजरी, मटकी, बाभळी. भुलेश्वरला जाताना घाटात गाडी थांबवून मागं वळून बघा, हिरवा रंग कुठं संपतो ते कुणी सांगायला नको. माणसं देवळातल्या साडी नेसलेल्या गणपतीचे फोटो काढतात, मी मात्र दरवेळी त्या हिरव्या पट्ट्यात आमचं घर शोधत बसते, अजून एकदाही सापडलेलं नाही.

माझ्या आजोबांना वाटणीत खालचं रान आलं आणि त्यांच्या सख्ख्या भावाला वरचं. त्यावेळी म्हणे वरचं जास्त आलं म्हणून धाकटे आजोबा खूश होते. पुढं आमच्याकडं ऊस, गुऱ्हाळ, स्लॅबचं घर, आणि त्यांची पोरं भोसरीला कंपनीत. स्थळ बघायला आलेली माणसं चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारायची, पाटाखाली किती आहे? "सहज विचारल्यासारखं" हा शब्द आजीचा. ती हेही सांगायची की पाणी फुकट मिळतंय म्हणून ज्यांनी रात्रंदिवस दारं धरली, म्हणजे रानात पाणी सोडत राहिले, त्यांची रानं खारवून चोपण झाली, पांढरी फटक, तिथं आता काही येत नाही. म्हणजे खालचे सगळेच सुखी असं पण नाही.

आजीच्या आठवणीतलं मोठं साल म्हणजे १९६१. १२ जुलैला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यानं खडकवासला पण गेलं. पुण्याचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये, पण धरणच नाही तर पाटाला पाणी कुठलं? आजी म्हणायची, पुण्यात पुरानं घरं गेली आणि आमचा ऊस तहानेनं गेला, एकाच पाण्यानं.

तशी आमच्या पट्ट्याला मोठी नावं कमी नाहीत. थेऊरला थोरले माधवराव पेशवे गेले १७७२ साली. उरुळीला १९४६ मधे गांधीजी राहिले, निसर्गोपचार आश्रम निघाला, मागं मणिभाई देसाई थांबले आणि त्यांनी १९६७ साली बाएफ ही संकरित गाईंचं काम करणारी संस्था काढली. आमच्या गोठ्यातली पहिली संकरित गाय त्यांच्यामुळंच आली, पणजोबा तिला 'मणिभाईची' म्हणायचे आणि लाथ मारली की त्याच नावानं शिव्या. आणि आषाढीला तुकोबांची पालखी लोणीहून यवतला जाते, यवतचं पिठलं-भाकरी फेमस आहेच, पण त्या दिवशी आमच्या पाटावर धोतरं वाळत घातलेली असतात लांबच लांब, ती पण एकदा बघा.

आता पाण्याचं गणित बदललंय. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९.१५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातून आधी शहर पिणार, आणि शहर म्हणजे मीच की. दोन आवर्तनांच्या, म्हणजे कॅनॉलला पाणी सोडायच्या पाळ्यांच्या, मधलं अंतर वाढत चाललंय. शिवाय जुना पाट, ज्याला सगळे बेबी कॅनॉल म्हणतात, त्यात मुंढव्यावरून शहराचं वापरलेलं पाणी शुद्ध करून सोडतात. मामा म्हणतात, "तुमचंच पाणी, दुसऱ्यांदा." मी काय बोलणार, हसते.

आणि गंमत म्हणजे मी पुलावरून "आलंय!" असं ओरडून सांगितलं तरी मामांना लगेच मिळत नाहीच. टेल टू हेड, म्हणजे आधी शेवटच्या इंदापूरकडच्यांना, मग मागं मागं येत आमची पाळी. तोवर दार बंद, आणि भरलेला पाट शेजारून वाहताना बघत बसायचं. मागच्या उन्हाळ्यात मामांची पाळी रात्री अडीचला आली, मी पण गेले बॅटरी घेऊन, चारीला, म्हणजे रानाकडं येणाऱ्या छोट्या पाटाला, पाणी आलं तेव्हा आधी आवाज आला, वाळक्या पाल्यावरून सरसरत येतं ना तसा, आणि मामा अंधारातच म्हणाले, "आलं बघ हडपसरचं."

खडकवासला ते फुरसुंगी बोगद्यातून पाणी न्यायचं चाललंय, तेवढीच गळती आणि चोरी वाचेल म्हणतात. म्हणजे हडपसरच्या पुलाखालून मग काही जाणारच नाही. हे मामांना सांगितलं तर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग फुरसुंगीला फ्लॅट बघ की."