ट्रकचं नेव्हिगेशन लावण्याआधी प्रोफाइल नीट भरा

फोनमधलं नेहमीचं कारचं मॅप लावून मोठा ट्रक घेऊन निघणारे लोक अजूनही भेटतात आणि मी दर वेळी त्यांना थांबवून बोलतोच. कारण कारच्या मॅपला तुमच्या गाडीची उंची माहीतच नसते, वजन माहीत नसतं, मागे ट्रेलर आहे की नाही तेही माहीत नसतं. त्याला फक्त लवकर पोचवायचंय. मग ते खुशाल तुम्हाला कमी उंचीच्या पुलाखाली किंवा वजनाची मर्यादा असलेल्या छोट्या पुलावर नेऊन सोडतं, आणि तिथून ट्रेलर रिव्हर्स काढायचा म्हणजे मागचा सगळा ट्रॅफिक तुंबणार.

म्हणून ट्रकसाठी वेगळं नेव्हिगेशन घ्या हे तर आहेच, गार्मिनचे ट्रकवाले डिव्हाइस आहेत, टॉमटॉम आहे, सिजिक आहे, अजून बरेच आहेत. पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. ॲप विकत घेतलं म्हणजे काम झालं असं समजू नका. ते ॲप तुम्ही भरलेल्या प्रोफाइलवर, म्हणजे गाडीची उंची, वजन, माल या माहितीवर चालतं, आणि बहुतेक जण ते प्रोफाइल एकदा पहिल्या दिवशी भरतात आणि नंतर बघतसुद्धा नाहीत.

उंचीचंच घ्या. कंपनीच्या कागदावर लिहिलेली उंची ही त्या ट्रेलरची झाली, आज तुम्ही जे घेऊन चाललाय त्याची नाही. फ्लॅटबेडवर, म्हणजे उघड्या सपाट ट्रेलरवर, मशीन चढवलं की उंची ठरते त्या मशीनच्या सगळ्यात वरच्या टोकावर, मग ते सायलेन्सरचं नळकांडं असो नाहीतर लोखंडी हूक, आणि ते टेप लावून मोजायलाच लागतं, नजरेच्या अंदाजावर जमत नाही. दुसरी गोष्ट, रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षा थोडा वर उभा असतो, सस्पेन्शनवर वजन नाही म्हणून. म्हणजे जाताना माल भरून ज्या पुलाखालून आरामात गेलात त्याच पुलाखाली येताना रिकामी गाडी घासू शकते. त्यात रस्त्यावर नवीन डांबराचा थर पडला किंवा बर्फ साचून दबलं की खालची जागा अजून कमी होते, आणि पुलाच्या बोर्डवरचा आकडा तोच जुना असतो. फूट-इंचात काम करत असाल तर एक लक्षात ठेवा, 13 फूट 6 इंच म्हणजे 13.5 फूट, 13.6 नाही. ॲप कुठल्या युनिटमध्ये विचारतंय ते आधी बघायचं मग आकडा टाकायचा.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये एक रेल्वेचा पूल आहे, आधी त्याची उंची 11 फूट 8 इंच म्हणजे साधारण 3.56 मीटर होती. तिथे सेन्सर होता, उंच गाडी आली की सिग्नल लाल होऊन 'गाडी उंच आहे, वळा' असा लाइटचा बोर्ड पेटायचा, तरी गाड्यांची टपं सोलून निघायची. 2019 मध्ये तो 8 इंचांनी वर उचलला, त्यानंतरही गाड्या आदळल्याच. तिकडचा नेहमीचा मोठा ट्रेलर 13 फूट 6 इंच असतो हे लक्षात घेतलं की उचलूनसुद्धा तो पूल किती खाली राहिला ते कळतं. बॉस्टनला स्टोरो ड्राइव्हवर तर भाड्याने ट्रक घेऊन घर हलवणारे लोक पुलाखाली अडकतात, कारण ट्रक चालवायची सवय नाही आणि समोर फोनवर कारचा रस्ता.

वजनाचं पण तसंच आहे, नुसतं एकूण वजन टाकून भागत नाही, एक्सलवर, म्हणजे चाकांच्या प्रत्येक आडव्या दांड्यावर, किती पडतंय तेही लागतं. अमेरिकेत एकूण 80,000 पाउंड आणि एका सिंगल एक्सलवर 20,000 अशी मर्यादा आहे, युरोपात साधारण 40 टन. एकूण वजन बरोबर असलं तरी माल पुढे किंवा मागे सरकवून भरला असेल तर एखादा एक्सल मर्यादेबाहेर जातो, आणि हे ॲपला कळणार नाही, वजनकाट्यावरच कळणार. म्हणून काटा करायचा, आकडे घ्यायचे आणि तेच प्रोफाइलमध्ये टाकायचे. धोकादायक माल असेल तर तेही सांगायचं. युरोपात बोगद्यांना ए पासून ई पर्यंत कॅटेगरी असते, ए म्हणजे मालावर बंधन नाही आणि ई म्हणजे सगळ्यात कडक. तुमच्या मालाचा कोड टाकलाच नाही तर ॲप बिनधास्त त्या बोगद्यातून रस्ता दाखवणार, त्याची काय चूक.

वेळेचं बंधन लोक सगळ्यात जास्त विसरतात. जर्मनीत 7.5 टनांवरचे ट्रक रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रात्री 10 पर्यंत रस्त्यावर काढता येत नाहीत, लंडनमध्ये 18 टनांवरच्या गाड्यांना रात्री आणि वीकेंडला बऱ्याच रस्त्यांवर परवानगी लागते. म्हणजे रस्ता कायदेशीर आहे की नाही हे तुम्ही तिथे किती वाजता पोचताय त्यावर ठरतं. आणि पोचायची वेळ कारच्या स्पीडने काढलेली असेल तर सगळंच गणित चुकतं, त्यात ड्रायव्हरच्या विश्रांतीचे नियम वेगळे, युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायलाच लागतं. ट्रकचं ॲप हे धरून वेळ सांगत असेल तर डिस्पॅचला, म्हणजे गाड्या पाठवणाऱ्या ऑफिसला, सांगितलेली वेळ पाळता येते, ड्रायव्हरला उगाच पळवलं जात नाही. मला वाटतं या एका कारणासाठीसुद्धा कंपनीने पैसे घालावेत.

आता ॲप म्हणतंय उजवीकडे वळा आणि समोर बोर्ड लागलाय अवजड वाहनांना बंदी. बोर्ड खरा. कायम. ॲपचा डेटा जुना असू शकतो, पुलाचं काम चालू असू शकतं, आणि 'ॲपने सांगितलं' हे पोलिसांपुढे चालत नाही, दंड ड्रायव्हरच्या नावावर लागतो. अशा वेळी घाईघाईत वळायचं नाही, सरळ जायचं, ॲप नवीन रस्ता काढेल तो काढू दे, जास्तीचे किलोमीटर पडले तर पडू देत. नवीन रस्ता चालता चालता बोटाने शोधत बसायचं नाही, कुठेतरी नीट जागा बघून गाडी उभी करायची आणि मग बघायचं. ओव्हरसाइझ लोड, म्हणजे नेहमीच्या मापापेक्षा मोठा माल असेल तर विषयच वेगळा, परमिटवर जो रस्ता लिहिलाय तोच रस्ता, ॲपने दुसरा कितीही चांगला दाखवला तरी तो तुमच्यासाठी नाही.

ट्रकचं ॲप सगळ्यात जास्त गडबडतं ते शेवटच्या किलोमीटरला. हायवेचा डेटा चांगला असतो, गोडाऊनच्या मागच्या गल्लीचा नसतो. पत्ता ऑफिसच्या दाराचा दिलेला असतो आणि ट्रकचं गेट असतं दुसऱ्याच रस्त्यावर, मग ॲप तुम्हाला थेट रिसेप्शनसमोर आणून उभं करतं, जिथे वळायला जागाच नाही. मी निघायच्या आधी सॅटेलाइट व्ह्यू उघडून गेट बघतो, आत ट्रेलर वळेल एवढं आवार आहे का, बाहेर रस्त्यावर थांबायला जागा आहे का, आणि मग माल उतरवणाऱ्याला फोन करून विचारतो की मोठ्या गाड्या कुठल्या बाजूने येतात. तिथला गेटवरचा माणूस जे दोन वाक्यांत सांगतो ते कुठल्याच ॲपमध्ये नसतं. नंतर तो गेटचा पॉइंट ॲपमध्ये सेव्ह करून टाकतो आणि चुकीचा पूल किंवा बंदीचा बोर्ड दिसला असेल तर रिपोर्ट पण करतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या फुकट नकाशावर तर पुलाची उंची आणि ट्रकबंदी कुणीही स्वतः जाऊन भरू शकतो, फक्त जे बोर्डवर प्रत्यक्ष लिहिलंय तेच भरा, अंदाजाने काही टाकू नका, तुमच्या आकड्यावर मागून दुसरा कोणीतरी गाडी घालणार आहे.