पाड्याचा पत्ता

ठाण्यातली पाचपाखाडी म्हणजे पाच पाखाड्या, पाच छोट्या वस्त्या; हिशेब नावातच आहे. आज त्या मोजायला निघालं तर बोटं हवेतच राहतात. गंमत अशी, की 1982 साली आसपासची गावं पोटात घेऊन झालेल्या ठाणे महापालिकेचं मुख्यालयही पाचपाखाडीतच आहे.

गाव आणि पाडा यांत सरकारी फरक मोठा. गाव म्हणजे मौजे: स्वतःची शीव, स्वतःचा नकाशा, 1 पासून सुरू होणारे सर्व्हे नंबर. पाडा म्हणजे त्याच्या पोटातली छोटी वस्ती. बहुतेक पाड्यांना वेगळं दप्तर कधी नव्हतंच. ठाण्याजवळच्या येऊरला जांभूळपाडा आहे, पाटोणपाडा आहे, पण कागद निघतो तो मौजे येऊरचा. त्यामुळे नुसतं पाड्याचं नाव घेऊन आजोबांची जमीन शोधायला गेलेला माणूस हात हलवत परततो. आधी मौजे, मग सर्व्हे नंबर, मग हिस्सा, म्हणजे त्या नंबराचा पोटभाग. शेजारच्या मौज्यातही 42 नंबर असतोच. मौजे चुकलं की उतारा भलत्याच्याच शेताचा मिळतो, आणि शिक्क्यासकट इतका खरा दिसतो की घोळ थेट मोजणीच्या दिवशी उघडा पडतो.

पाड्याची खूण कागदावर एका ठिकाणी सापडू शकते. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो. बहुतेकदा कोरा, पण जुन्या हस्तलिखित उताऱ्यांत तिथे एखादा माळ, एखादं तळं, एखादा पाडा भेटून जातो. म्हणून संगणकीय उताऱ्यावर न थांबता जुन्या उताऱ्याची नक्कल मागवावी. पुढे सिटी सर्व्हे, म्हणजे शहरी जमिनीची मोजणी, झाला की सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका येते आणि असल्या नावांना जागाच उरत नाही. खरं तर तेव्हा सातबारा बंद व्हायला हवा. कितीदा दोन्ही चालू राहतात आणि एकाच तुकड्याला दोन मालक निघतात.

सानपाडा त्या मानाने नशीबवान. नावातला पाडा स्टेशनच्या पाटीवर जाऊन बसला. बाकी नवी मुंबईत सेक्टर, आणि सेक्टरला आकडा पुरतो.

पण पाडा कुठे संपतो हे शिमग्यात बिनचूक कळतं. गाव एक, वॉर्ड एक, होळ्या मात्र दोन, आणि वर्गणीची पुस्तकंही दोन. चुकून पलीकडची पोरं पावती फाडायला आली की सातव्या मजल्यावरची आजी दार अर्धंच उघडते: “आमचा पाडा येगला हाय.”