शॉट कुणाचा होता?

पश्चिम सिडनीत मी फुटबॉलच्या नव्या रेफ्रींना शिकवते. हँडबॉलचा, म्हणजे चेंडूला हात लावण्याच्या फाउलचा, धडा आला की जर्मनीतल्या बोखुमची क्लिप लावते. ३ जुलै २०११, महिला विश्वचषक, ऑस्ट्रेलिया विरुद्ध इक्वेटोरियल गिनी. चेंडू पोस्टवर आपटून परत येतो, इक्वेटोरियल गिनीची बचावपटू ब्रुना तो डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात, चक्क हातांत झेलते, क्षणभर धरते आणि सोडून देते. हंगेरीच्या रेफ्री ग्योंगी गाल यांची शिट्टी वाजत नाही. तेव्हा व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा रेफ्री, नव्हता. महिला विश्वचषकात तो २०१९ साली आला.

ही क्लिप पाहून पोरं हसतात. त्या दिवशीही हसली. फेअरफिल्डची एक मुलगी तेवढी हसली नाही. म्हणाली, "मिस, जरा मागे घ्या ना. शॉट लीनाचा आहे."

लीना खमिस. सिडनी एफसी क्लबची तेव्हाची स्ट्रायकर, अ‍ॅसिरियन या पश्चिम आशियातल्या जुन्या ख्रिस्ती समाजातली. मुलगीही अ‍ॅसिरियन, आजीआजोबा इराकमधून आलेले. फेअरफिल्ड भागात या समाजाची मोठी वस्ती आहे. स्वतःचा देश नाही, पण भाषा, चर्च, लग्नातले नाच सगळं जपलेलं. आपल्यातली एक पोरगी ऑस्ट्रेलियाच्या जर्सीत विश्वचषकात खेळली, हे त्या घरांत लहान लेकरांनाही ठाऊक असतं. मी कोल्हापूरची. आमच्याकडे खेळाडूचं नाव विचारायच्या आधी तालीम विचारतात, त्यामुळे तिच्या आवाजातला हक्क मला लगेच कळला.

मी क्लिप थांबवली आणि तिलाच पुढे बोलावलं. ती भडाभडा सांगत सुटली. त्याच सामन्यात ८व्या मिनिटाला लीनानं गोल केलेला. हा पोस्टवरचा शॉट त्यानंतरचा, १६व्या मिनिटाच्या आसपासचा. तिथे पेनल्टी मिळाली असती तर २-० होण्याची संधी होती. उलट २१व्या मिनिटाला इक्वेटोरियल गिनीच्या अनोनमानं बरोबरी साधली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या व्हॅन एग्मंड आणि डी व्हॅना यांचे गोल झाले, अनोनमानं ८३व्या मिनिटाला आणखी एक मारला, आणि ऑस्ट्रेलिया ३-२ असं कसंबसं जिंकलं. मग नॉर्वेला हरवून उपांत्यपूर्व फेरी. लीनाची बहीण शामही डब्ल्यू-लीगमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या महिला लीगमध्ये, खेळली, हेही तिनं जाताजाता सांगून टाकलं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जगभर लाखो लोकांनी ते दोन हात पाहिले. ज्या पायामुळे चेंडू तिथे पोचला, तो पाय कुणाला आठवत नाही. स्ट्रायकरचं नाव गोलाबरोबर टिकतं. पोस्टवर गेलेला शॉट दुसऱ्याच कुणाच्या गोष्टीत जमा होतो.

आणि रेफ्रीच्या दृष्टीनंही तिचं म्हणणं नेमकं होतं. हातापासून पाहायला सुरुवात केली की उशीर झालेला असतो. शॉट सुटताना कोण कुठे उभं आहे, पोस्टवरून चेंडू कुणाकडे येईल, ते वाचत आपण आधीच दोन पावलं सरकायला हवं, म्हणजे समोर खेळाडूंची भिंत येत नाही. आम्ही बाकं सरकवून डी आखली. ती लीना झाली, एक मुलगा ब्रुना, आणि उरलेल्यांनी आळीपाळीनं शिट्टी घेतली. कोपऱ्याकडून पाहणाऱ्यांना हात दिसले. मधोमध उभे राहिलेल्यांपैकी निम्म्यांना दिसलेच नाहीत. हसणं थांबलं, भांडण सुरू झालं, आणि हॉल बंद करायला माणूस येईपर्यंत ते चाललं.

निघताना तिनं विचारलं, "मी स्ट्रायकर खेळते. तरी रेफ्री होता येईल?"

"शनिवारी खेळ, रविवारी शिट्टी घे," मी म्हटलं, आणि नोंदणीचा फॉर्म तिच्यापुढे ठेवला.